मास्तरांचा एका ओळीतला पाहुणचार

गुणाकर मास्तरांना दोन गोष्टींचा भारी तिटकारा : फुकटचा चहा पाजणे आणि एकच काम दोनदा करणे! बालाघाटच्या कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवत, आणि दोन हजार चार साली त्यांना ‘आर’ नावाची आकडेमोडीची संगणकभाषा चावली होती.

“सुनीती, आयक! कॉम्प्युटरले ‘सारांश दे’ म्हटलं की तो आधी पाहते, समोरची वस्तू कोन्त्या प्रकारची हाय. जसा प्रकार, तशी रीत! पहिले नव्या प्रकारासाठी आधी हुकूम मांडा, मंग रीत लिहा, असा डबल खटाटोप. आता एकाच ओळीत काम फत्ते! अन् ज्याची रीत नाही लिहिली, त्याले सरसकट रीत!”

“छान. वांगी चिरून द्या,” बायको म्हणाली.

पण मास्तरांनी याच धर्तीवर घरच सोपं करायला घेतलं. मास्तरांच्या तुळसा आत्या येईल त्याला घरात घेत. मीटर पाहायला आलेला माणूस परवा चिवडा खाऊन, वर लोणचं बांधून घेऊन गेला होता!

“आत्या, दार लावूनच विचाराचं, ‘कोण?’ दूधवाला म्हटलं, पातेलं बाहेर. विद्यार्थी म्हटलं, मागच्या ओसरीत. व्याही नाही तं जावई म्हटलं, आरती! बाकी सरसकट : ‘साहेब पूजेले बसले, उद्या या!’ अन् आवाज ओळखाचा नाही. ओळखलं का तू चहा ठेवतं!”

“हौ,” आत्या म्हणाल्या. आत्यांचं ‘हौ’ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

रविवारी मास्तरांच्या मुलीला, अपूर्वाला, पाहायला वारासिवनीहून चैतराम आपल्या मुलाला, अनुरागला, घेऊन येणार होते. मुलगा नागपूरला कॉम्प्युटर शिकलेला, आणि अपूर्वाला मनातून केव्हाचाच पसंत! कुठे काही बिनसू नये म्हणून पोरीने सकाळपासून तीनदा अंगण झाडलं होतं. मास्तर त्यांना आणायला बसस्टँडवर गेले. पाहुणे मात्र भाड्याच्या जीपने थेट दारात!

सुनीतीबाई भजी तळत होत्या. दारावर थाप पडली. आत्या दाराशी गेल्या.

“कोण?”

“आमी!” चैतराम म्हणाले. मराठी माणूस ‘कोण’ला दुसरं उत्तर देतो कधी?

“साहेब पूजेले बसले. उद्या या!”

चैतराम फणफणत परतीची गाडी पाहायला बसस्टँडवर आले. तिथे खांबाला टेकून मास्तर शेंगदाणे खात होते!

“झाली का पूजा?” चैतरामांनी विचारलं.

शेंगदाणा मास्तरांच्या घशात अडकला. ठसका ओसरल्यावर त्यांनी प्रकार, रीत, ओळ सगळं समजावलं. अनुराग तोंड फिरवून हसला. चैतरामांची भुवई तेवढी वर गेली.

“म्हंजे आमी सरसकट?”

हातापाया पडून मास्तरांनी त्यांना ऑटोत घातलं, घरी आणलं आणि ऐटीत दार ठोठावलं.

“कोण?”

“आत्या, मी!”

“साहेब पूजेले बसले. उद्या या!”

“अवं, मीच तं साहेब!”

“असशील बापा. आवाज ओळखाचा नाही, असं गुणाकरनं बजावलं हाय!”

चैतराम ऑटोकडे वळले. “चाल रे अनुराग! ज्या घरात मालकालेच दार नाही, तिथं आपली काय कथा?”

अनुराग मात्र दोन पावलं पुढे झाला, खाकरला आणि खणखणीत बोलला, “जावई!”

दार सताड उघडलं! आत्या आरती घेऊन उभ्या. त्यांच्या मागे चहाचा ट्रे घेऊन अपूर्वा. चैतरामांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने आपल्या बुटांकडे. मग चैतराम पोट धरून हसत सुटले.

“यानं तं आमाले विचारलंच नाही! आता काय, भजी तरी खाऊ!”

सगळे आत गेले. मास्तर ऑटोवाल्याशी घासाघीस करत मागे राहिले, तोवर दार लागलं.

त्यांनी थाप मारली.

“कोण?”

मास्तरांनी मनातल्या मनात आपल्या सगळ्या ओळी तपासल्या. घरमालकाची ओळ लिहायची राहूनच गेली होती.

“दूधवाला,” ते हळूच म्हणाले.

दार चार बोटं उघडलं, आणि पातेलं बाहेर आलं.