पन्हळीच्या पलीकडे

"या वाटेवर आंधळा मनुष्यही चुकणार नाही," असे श्रीधरपंतांनी जाहीर केले, आणि औरंगपुऱ्यातील ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत त्यांचे वाक्य पूर्ण होईपर्यंत प्रथमच कोणी उठून गेले नाही. चहा अजून यायचा होता, हेही त्याचे कारण असू शकेल.

श्रीधरपंतांनी सारा जन्म शाळेत संस्कृत शिकवले. वर्गातील मुले ऐकत, कारण दार बंद असे. घरी उमाबाई ऐकत. त्या भाजी निवडत ऐकत आणि भाजी निवडून झाली तरी उठत नसत. त्या गेल्या, आणि पंतांच्या लक्षात आले की आपल्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते ऐकायला घरात कुकरखेरीज कोणी उरलेले नाही. मुलगा हिमांशू बंगळुरात होता. त्याचा फोन "बाबा, सगळं ठीक ना?" या प्रश्नाने सुरू होई आणि बहुधा त्याच प्रश्नाने संपे. जिन्यात शेजारी भेटत, पण पंतांनी "त्याचे असे आहे" म्हणून आरंभ करताच त्यांना गॅसवर ठेवलेले दूध आठवे.

म्हणून पंतांनी योजना आखली. कन्नड गावाच्या अलीकडे, पिशोरच्या वाटेवर, एक टेकडी होती. तिच्या अंगावरून झाडाझाडांतून जाणारी एक निसर्गवाट सर्वांनी मिळून सिद्ध करावी, तिच्यावर खुणा कराव्यात आणि दर रविवारी मंडळींनी ती चालावी. वाटेच्या शेवटी एक जुना उंबर होता. त्याच्या सावलीत पंतांनी बसावे आणि थकून आलेल्या मंडळींना वृक्षवेलींविषयी चार शब्द सांगावेत. चार हा आकडा पंतांच्या बाबतीत अर्थातच ढोबळ होता. पण खरे सांगायचे तर त्यांची सारी आस त्या उंबराखालच्या घटकेवर होती. चालून चालून पाय दुखलेला मनुष्य लगेच उठून जात नाही, हे त्यांनी हेरले होते.

खुणांसाठी त्यांनी बाण नाकारले. "बाण हे युद्धाचे चिन्ह आहे," ते म्हणाले. त्याऐवजी दगडांवर गेरूचा एक पट्टा ओढायचा आणि नियम एकच: पट्ट्याचा दगड सदैव उजव्या हाताला राहिला पाहिजे, देवळात देव राहतो तसा.

"आणि डावीकडे आला तर?" मंडळाचे चिटणीस अतुल यांनी विचारले.

"तर आपण उलटे चाललो आहोत असे समजावे. प्रदक्षिणा कोणी उलटी घालतो का?"

"नाही, सर," अतुल नम्रपणे म्हणाले, आणि चहा आला.

श्रमदानाला मंडळी उत्साहाने आली. दगड मांडले, गेरू लावला, बाभळीच्या आडव्या फांद्या छाटल्या. वाटेच्या मध्यावर घाणेरीचे मोठे रान माजले होते. ते उपटता उपटता मंडळातल्या आशाबाईंचे खुरपे दगडावर वाजले आणि खालून चक्क महादेवाची पिंडी निघाली. वरच्या कपारीतून तिच्यावर थेंब थेंब पाणी झिरपत होते. चिखल काढल्यावर दगडात कोरलेली वीतभर रुंदीची पन्हळही मोकळी झाली आणि पिंडीवरचे पाणी तिच्यातून झुळझुळत वाहू लागले. सर्वांनी हात जोडले. पंतांचे डोळे भरून आले. तशाच भरल्या डोळ्यांनी त्यांनी शंकराच्या प्रदक्षिणेवर प्रवचन केले: ही प्रदक्षिणा पूर्ण घालायची नसते, तीर्थ वाहून नेणारी पन्हळ कदापि ओलांडायची नसते, तिथवर जाऊन मागे फिरायचे असते. उन्हे डोक्यावर आली तरी प्रवचन चालूच होते. मंडळी खुरपी हातात धरून उभी होती. बसायला जागा नव्हती, आणि प्रवचन चालू असताना खुरपे चालवणे बरे दिसले नसते.

पहिला रविवार उजाडला. मंडळी आपापल्या गाड्यांनी टेकडीच्या अलीकडच्या अंगाने येणार होती. पंतांना अतुलनी गाडीत येण्याचा आग्रह केला, पण त्यांनी नकार दिला. वक्त्याने श्रोत्यांबरोबर घाम पुसत येऊ नये, त्याने आधीच स्थानापन्न असावे, असे त्यांचे मत होते. ते एसटीने पलीकडच्या फाट्यावर उतरले, बैलगाडीच्या सपाट वाटेने उंबरापाशी पोहोचले, टोपी नीट केली आणि बसले.

काही वेळाने वरून आवाज आले. हसणे आले, आशाबाईंचा खोकला आला. पंतांनी घसा साफ केला आणि पहिले वाक्य ओठांवर आणून ठेवले. मग आवाज थांबले, कुजबुज झाली, आणि हळूहळू सारे दूर दूर जात नाहीसे झाले.

पहिले वाक्य पंतांच्या ओठांवर दुपारपर्यंत राहिले. मग ते एसटीने घरी आले.

संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर संदेशांचा पाऊस पडला. 'अप्रतिम वाट!' 'शेवटचा टप्पा तर अविस्मरणीय!' 'उठावंसंच वाटत नव्हतं!' पंतांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचले. उठावेसे वाटत नव्हते? कुठून?

न राहवून त्यांनी अतुलना फोन लावला. 'तुम्ही माझ्यापर्यंत का आला नाहीत?' असे विचारण्याइतके ते लाचार नव्हते. त्यांनी वळसा घेतला.

"वाट सापडली ना?"

"एकदम, सर. तुमचे दोन्ही नियम पाळत गेलो. कुठं अडलोच नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. शेवटी तर काय गप्पा रंगल्या, सर. तुमचे उपकार."

गप्पा. पंतांनी फोन ठेवला आणि बराच वेळ कुकरकडे पाहत राहिले. दोन नियम कोणते, हे विचारायचे त्यांच्या ध्यानातही आले नाही.

पुढच्या रविवारी तेच झाले. त्याच्या पुढच्याही. पंतांना प्रथम गुराख्यांचा संशय आला, मग वानरांचा. दगड कोणीतरी हलवीत असावे, असे धरून त्यांनी गेरूचे पट्टे दुप्पट रुंद करवून घेतले. मंडळी वाढतच गेली. सिडकोतून, गारखेड्यातून नवी माणसे येऊ लागली. वर हास्याचा गलका होई, मग कुजबुज, मग शांतता. उंबराखाली पंत डोळे मिटून आपले विवेचन मनातल्या मनात घोळवीत बसत, न जाणो आज कोणी आलेच तर आठवायला नको. एकदा एक शेळी आली. ती औदुंबराच्या माहात्म्यापर्यंत थांबली. इतका वेळ टिकलेला श्रोता त्यांना बऱ्याच दिवसांत लाभला नव्हता. पण तीही पाला संपताच उठून गेली.

अखेर एका रविवारी पंतांनी वर चढून प्रत्यक्ष पाहायचे ठरवले. उंबराखाली त्यांनी उघडी छत्री दगडांत रोवली, तिच्याखाली पिशवी ठेवली, पिशवीवर उपरणे पांघरले आणि वर टोपी ठेवली. आपण वर असताना कोणी दुसऱ्या बाजूने आलेच, तर वक्ता जवळपासच आहे हे त्यास कळावे. मग गुडघ्यांची समजूत घालत ते महादेवापर्यंत चढले आणि, सांगायला संकोच वाटतो, घाणेरीच्या उरलेल्या झुडपात दडून बसले. ज्यांनी वर्गात कधी पाठ भिंतीला टेकवली नाही, ते गृहस्थ पानांतून एक डोळा बाहेर काढून बसले होते.

मंडळी आली. दगड उजव्या हाताला ठेवीत, रांगेने आली. पिंडीपुढे सर्वांनी डोके टेकले. नव्या मंडळींतला एक तरुण पुढे निघाला तशी आशाबाईंनी त्याची बाही धरली.

"थांब बाबा. पन्हळ हाय तिथं. ओलांडायची नसती."

"मग पुढं कसं जायचं?"

"नाय जायचं. सरांनी दोन घंटे उभं करून सांगितलंय."

"दुसऱ्या बाजूनं?"

"तिकडं कडा. मुंडकं मोडून घेतो का?"

"मग मागं फिरू."

"मागं फिरलं तर दगड डाव्या हाताला येत्यात. ते पण सरांनी मना केलंय. पुढं बी नाय, मागं बी नाय, म्हणून आपण खाली जातो." आणि त्यांनी बाजूच्या उतारावरून शेताकडे जाणारी पाऊलवाट दाखवली.

मंडळींनी खालच्या बाजूला कुठेतरी हात जोडले, आवाज खाली आणले आणि एकामागून एक उतरून गेली.

झुडपातल्या पंतांची अवस्था काय वर्णावी? वाट आखली तेव्हा पन्हळ चिखलाखाली होती आणि त्यांनी निःशंक मनाने पुढचे दगड मांडले होते. पन्हळ उघडली तेव्हा ते शास्त्र सांगण्यात इतके रमले की आपली वाट नेमकी तिच्यावरून जाते, हे पाहायचे राहूनच गेले. साऱ्या आयुष्यात इतक्या काटेकोरपणे त्यांचे बोलणे कोणी ऐकले नव्हते. हाक मारावी म्हणून ते उठू लागले, तर गुडघे अडकले. अर्धवट उठलेल्या स्थितीत, घाणेरीची फांदी धरून, ते श्रोत्यांच्या पाठी दिसेनाशा होईपर्यंत पाहत राहिले.

गुडघे सुटल्यावर त्यांना आठवले की पन्हळ गवताने वा दगडाने झाकली तर ओलांडण्यास शास्त्राची अनुज्ञा आहे. हा भाग प्रवचनाच्या उत्तरार्धात येणार होता, पण तेव्हा कोणाला तरी चक्कर आली होती. पंतांनी गवत पसरले, एक चपटा दगड ओढत आणून त्यावर ठेवला, महादेवाला नमस्कार केला. पन्हळ आता लंघनीय झाली होती. मात्र ओलांडून येणारी मंडळी निघून गेली होती. तेव्हा पंतच मंडळींच्या मागे पाऊलवाटेने उतरले.

उतरायला त्यांना फार वेळ लागला. खाली एक शेत होते, शेतात पत्र्याची खोली, खोलीपुढे सारवलेले अंगण. अंगणात पुष्कळ पेले पालथे पडले होते आणि एक म्हातारा ते विसळत होता. मंडळी गाडीवाटेने वळसा घालून आपल्या गाड्यांकडे परतली होती. दूरवर त्या गाड्यांची धूळ अजून खाली बसायची होती.

"या, या, पाव्हणं. मागं ऱ्हायले जणू?" म्हातारा म्हणाला. "बसा. चहा हाय अजून. मी आप्पासाहेब."

पंत टेकले. डोके उघडे, अंगावर काटेकुसळे. आपण कोण हे सांगावे असे त्यांना वाटले, पण दम लागला होता.

"लई झ्याक माणसं," आप्पासाहेब चहा ओतत म्हणाले. "पोरं हायेत, समदी शहरात. म्हैस इकली तवापासनं बोलायला पण कुणी नव्हतं. आता रविवारची वाट बघतो. गूळ आणून ठिवतो. ते कोण मास्तर हाय त्यानं दगडं मांडली, तवापासनं ही माणसं माझ्या दारात यायला लागली. भला माणूस असंल."

"कोण मास्तर?" पंतांनी हळूच विचारले.

"त्यो काय, तिथं बसलाय." आप्पासाहेबांनी शेताच्या कडेने वाहणाऱ्या ओढ्यापलीकडे बोट केले.

पंतांनी पाहिले. उंबराच्या सावलीत, काळ्या छत्रीखाली, पांढरी टोपी घातलेला, खांद्यावरून उपरणे घेतलेला एक मनुष्य एकटाच, अगदी ताठ बसलेला दिसत होता.

"दर रविवारी यून बसतो. डोळे मिटून ध्यान लावतो. ही मंडळी त्याला लांबूनच हात जोडत्यात आन् गुमान खाली येत्यात. मी म्हणलं, चहा तरी नेऊन देतो, तर आशाबाई म्हणल्या, नको, त्यांना माणसांची तकलीफ होती."

"असं म्हणाल्या?"

"व्हय. लई शिकलेला हाय म्हणं. शिकलेल्याला एकटं ऱ्हावं वाटत असंल, आपल्याला काय कळतंय." त्यांनी डोळ्यांवर हात धरून पलीकडे पाहिले. "पण मला कसंतरी होतं बघा, त्याला बघून. थांबा, आज हाकच मारतो. लई तर काय करंल, रागवंल." आणि तोंडापुढे हात धरून ते ओरडले, "ओ मास्तर! चहा घ्यायला या!"

हाक टेकडीवर आपटून परत आली. उंबराखालची टोपी हलली नाही.

"बघा," आप्पासाहेब खिन्नपणे म्हणाले. "हूं नाय का चूं नाय."

श्रीधरपंतांनी ओढ्यापलीकडे पाहत पेल्यातला चहा संपवला. मग त्यांनी रिकामा पेला पुढे केला.

"नाही यायचा तो," ते म्हणाले. "त्याच्या वाटणीचा मलाच घाला."