गुरुवार, अकरा वाजता

भाषणाचे कागद वाचून झाल्यावर नवऱ्याने चष्मा काढला आणि म्हटले, "छान आहे. पण यात तू कुठे आहेस?"

"सुरुवातीलाच आहे की," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "'आदरणीय सर आणि मित्रहो' म्हणते ती मीच."

बाईंची सगळी नोकरी एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोनच्या खोलीत झाली होती. निवृत्तीनंतर माणसे गुडघ्यांची काळजी घेऊ लागतात. बाईंनी विद्यापीठात नाव घातले, तेही तत्त्वज्ञानाला. वर्गातली मुले त्यांना काकू म्हणत, त्यांच्या पर्समधल्या खोकल्याच्या गोळ्या खोकला नसताना खात आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडून धीर घेऊन जात. त्यामुळे बाईंना स्वतःला धीर उरत नसे, पण ते चालायचेच.

गोची या सत्रात झाली. प्रत्येकाने वर्गापुढे उभे राहून 'मी जगाकडे कसा पाहतो' या विषयावर बोलायचे होते. बाई जगाकडे पाहत त्या ख्रिस्ती श्रद्धेतून. सकाळी डोळे उघडायच्या आधी त्यांची प्रार्थना सुरू होई आणि रविवारची उपासना त्यांनी तापातसुद्धा चुकवली नव्हती. पण वर्गात ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितलेली नव्हती. कुणी विचारले नाही म्हणून सांगितले नाही, अशी त्या स्वतःची समजूत घालत. खरे तर त्या घाबरत होत्या.

घाबरण्याचे कारण म्हणजे पुरावा सर. हे नाव मुलांनी ठेवलेले. कुणी काहीही विधान केले की सर चष्मा कपाळावर चढवत आणि शांतपणे विचारत, "पुरावा?" एका मुलाने सहज बोलता बोलता संध्याकाळचे आकाश सुंदर दिसते असे म्हटले होते. त्या दिवसापासून तो घरी जाताना खाली मान घालून जातो.

म्हणून बाईंनी भाषण असे लिहिले होते की त्यात सगळ्यांचे म्हणणे थोडे थोडे यावे आणि स्वतःचे चुकूनही येऊ नये.

"खरं ते सांगून टाक ना," नवरा म्हणाला. तो जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. वाकडे दिसले की त्याचा हात शिवशिवत असे.

"आणि त्यांनी पुरावा मागितला तर?"

"मला घेऊन जा. इतकी वर्षं तू माझ्याबरोबर काढलीस, हे देवाच्या मदतीशिवाय शक्य आहे का?"

बाईंना हसू आले नाही. त्यांनी फोन उचलला आणि त्यांच्या चर्चच्या मंडळीतले लोक अशा वेळी जे करतात ते केले. प्रार्थनेची साखळी सोडली.

ही साखळी तोंडीच चाले, कारण मंडळीतल्या बहुतेकांना मोबाइलवरची अक्षरे दिसत नसत. एकाने दुसऱ्याला फोन करायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि शेवटच्याने पहिल्याला फोन करून "पोचलं" म्हणायचे. नियम एकच. प्रार्थना कशासाठी, ते विचारायचे नाही.

"गुरुवारी अकरा वाजता माझ्यासाठी आणि आमच्या सरांसाठी प्रार्थना करा," बाईंनी पाळकांच्या पत्नीला सांगितले आणि घाईघाईने फोन ठेवला. वर्गात प्रभूचे नाव घ्यायची आपल्याला लाज वाटते, हे पाळकांच्या घरी कोणत्या तोंडाने सांगणार?

कारण विचारायचे नाही, असा नियम होता. तर्क करायचा नाही, असा नव्हता.

बुधवारी दुपारी साखळीतल्या शेवटच्या काकांचा फोन आला. हे काका उपासनेत खालच्या पट्टीत गात आणि फोनवरही तसेच बोलत.

"पोचलं, बाई. किती वेळ चालणार आहे?"

"दहा मिनिटं."

"दहा मिनिटांत? हृदय उघडून परत बंद?"

"कुणाचं हृदय?" बाईंचे स्वतःचे थांबायची वेळ आली होती.

"तुमच्या सरांचं. गुरुवारी अकराला म्हणजे ऑपरेशनच असणार. आणि तुम्ही इस्पितळातल्या, म्हणजे सोबत तुम्हीच जाणार. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत."

"काका, तसं नाही हो. त्याचं असं आहे, की मी..." एवढे बोलून बाई अडखळल्या. खरे कारण जिभेवर आले आणि तिथेच बसून राहिले.

"रडू नका, बाई," काका भरल्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आता बाईंनी दुसरी साखळी सोडली. "सर ठणठणीत आहेत. ऑपरेशन वगैरे काही नाही." याहून स्पष्ट निरोप त्यांनी सगळ्या नोकरीत कुणाला दिला नव्हता. दिवेलागणीला पुन्हा फोन वाजला.

"पोचलं," काका म्हणाले. "ऐकून फार वाईट वाटलं."

"अहो, काय ऐकून?"

"ऑपरेशन नाही, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. आणि सर मात्र म्हणतायत मी ठणठणीत आहे. असतात अशी माणसं. शेवटपर्यंत कबूल करत नाहीत."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. नवऱ्याने पाण्याचा पेला पुढे केला. "आता तिसरी साखळी सोडू नकोस," तो म्हणाला. "नाहीतर उद्या अकराला लोक काळे कपडे घालून येतील."

गुरुवारी बाई कागद घेऊन वर्गात गेल्या. पुरावा सर पहिल्या बाकाशेजारी उभे होते. त्यांची तब्येत इतकी उत्तम दिसत होती की बाईंना त्याचा राग आला.

"करा सुरुवात, बाई."

"आदरणीय सर आणि मित्रहो," बाईंनी सुरुवात केली. "जगाकडे पाहण्याचे अनेक दृष्टिकोन आहेत. काही जण असं मानतात, तर काही जण तसं मानतात."

दोन मुलांनी जांभया दिल्या. बाईंना जरा हायसे वाटले. अशीच दहा मिनिटे गेली तर सुटले, असा विचार त्यांच्या मनात आला आणि तेवढ्यात दार उघडले.

सर्वांत पुढे पाळकांच्या पत्नी होत्या, हातात मोठा थर्मास. मागे मंडळीतल्या शिंपीणबाई, फुलांचा गुच्छ छातीशी धरलेल्या. त्यांच्याही मागे काका चाकाची खुर्ची ढकलत होते. ती उंबऱ्याला अडली आणि अख्ख्या वर्गाने वळून पाहिले. ही सगळी आधी बाईंच्या जुन्या इस्पितळात गेली होती. तिथे सर सापडेनात, तेव्हा त्यांच्या घरचा पत्ता विचारायला विद्यापीठात आली, आणि शिपायाने त्यांना सरळ या वर्गाकडे पिटाळले.

"सर, तुम्ही उभे कसे?" पाळकांच्या पत्नींनी काळजीने विचारले.

"पायांवर," सर म्हणाले.

"बसा आधी. काका, खुर्ची पुढे आणा. यांच्या हृदयाचं काही खरं नाही आणि हे शिकवतायत!"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "माझ्या हृदयाचं काही खरं नाही, याला पुरावा?"

तिघांनी एकाच वेळी ऑपरेटरबाईंकडे बोट दाखवले.

जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरे, असे बाईंना वाटले. जमिनीने तसे काही केले नाही. पाळकांच्या पत्नींच्या थर्मासमधले सूप तेवढे हिंदकळले. बाईंनी हातातले कागद टेबलावर पालथे ठेवले.

"मीच प्रार्थना मागितली होती," त्या म्हणाल्या. "पण सरांच्या आजारासाठी नाही. सरांच्या 'पुरावा?'साठी. मी ख्रिस्ती आहे. ते इथे सांगायची मला भीती वाटत होती. आणि भीती वाटते हे यांना सांगायची लाज वाटत होती. म्हणून कारणच सांगितलं नाही, आणि या लोकांनी स्वतःच कारण शोधून काढलं."

आधी मागच्या बाकावरची मुले हसली, मग सगळा वर्ग. सर मात्र हसले नाहीत.

"हे लोक मला ओळखतात?"

"नाही, सर."

"मी देव मानत नाही, हे यांना माहीत आहे?"

"मला आत्ता कळलं," पाळकांच्या पत्नी म्हणाल्या. "पण सूप तरीही गरमच आहे."

"मग माझ्यासाठी एवढा खटाटोप कशाला?"

बाई एक पाऊल पुढे आल्या. "तेच मला सांगायचं होतं, सर, पण लिहायला धीर झाला नाही. आम्ही असं मानतो की आम्ही देवाला ओळखतही नव्हतो, तेव्हा तो आधी आमच्याकडे आला. आम्ही कसे आहोत, लायक आहोत का, हे विचारत बसला नाही. मग आम्हीही कुणी आजारी आहे म्हटलं की आधी सूप उचलतो, चौकशी मागाहून करतो. त्यात घोटाळे होतात. आज झाला तसे. पण मी जगाकडे पाहते ते असं. याहून मोठा पुरावा माझ्याजवळ नाही."

सरांनी चष्मा पुन्हा कपाळावर नेला. सर थर्मासकडे पाहत राहिले, मग चाकाच्या खुर्चीकडे, आणि मग त्यांनी चष्मा गुपचूप नाकावर आणला.

"वेळ संपली," ते म्हणाले. "थर्मास इथे ठेवला तरी चालेल."

पुढच्या आठवड्यात तास संपल्यावर सरांनी बाईंना थांबवून घेतले आणि स्वच्छ घासलेला थर्मास परत केला. देताना त्यांनी तो लगेच सोडला नाही.

"ती तुमची साखळी," ते हळू म्हणाले. "बाहेरच्या माणसासाठी चालते का?"

"न चालायला काय झालं?"

"मंगळवारी अकराला माझी एक तपासणी आहे. म्हणजे विशेष काही नसावं. घरी दुसरं कुणी नाही, म्हणून आपलं... माझा यावर विश्वास नाही, हे लक्षात ठेवा. आणि कारण कुणाला सांगू नका."

"आमचा नियमच आहे तो," बाई म्हणाल्या. विश्वास नसल्याचे विधान सरांच्या तोंडून आले होते आणि त्याचा पुरावा मागायला तिथे कुणीच नव्हते.

त्या संध्याकाळी बाईंनी निरोप सोडला. मंगळवारी अकरा वाजता, सरांसाठी. त्यापुढे एक शब्द नाही. या वेळी मात्र त्यांना लाज वाटली नाही, वाटली ती काळजी, आणि ती स्वतःची नव्हती.

रात्रीच्या जेवणाआधी काकांचा फोन आला. त्यांचा खालच्या पट्टीतला आवाज आनंदाने वर चढला होता.

"पोचलं, बाई! सरांचं लग्न ठरलं म्हणायचं! या वयात, पण बरं झालं, एकटेच होते बिचारे. मंगळवारी आम्ही सगळे येतोच. काय आणू?"

नवरा तोंडाला टॉवेल लावून हसू लागला. बाईंनी दुरुस्ती करायला तोंड उघडले आणि समोर ओट्यावर ठेवलेल्या थर्मासकडे पाहून मिटले.

"सूपच आणा," त्या म्हणाल्या. "आणि खुर्ची हाताशी असू द्या."