मिस कॉलचा बंदोबस्त

"आजपासून आपल्या संस्थेत मिस कॉल नावाची वस्तूच राहणार नाही!" कारकून वीरेंद्रने जाहीर केले. देशातून देवीचा रोग हटवल्याचा अभिमान त्याच्या आवाजात होता.

समोर संस्थेची संगणक ऑपरेटर हर्षा शेंगा फोडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"अन् अपडेट कराले नागपूरचा माणूस येणार होता, त्याचं काय?"

"त्याले कायले बोलवाचं? फोनच आहे ना! रॉकेट थोडीच सोडाचं आहे!"

लाखनीच्या हमरस्त्यावरच्या त्या धान खरेदी संस्थेत इंटरनेटवर चालणारे तीन फोन नुकतेच बसले होते. एक वीरेंद्रच्या टेबलावर, एक हर्षाच्या आणि एक अध्यक्ष केशवरावांच्या केबिनमध्ये. फोन मोठे देखणे होते. दुःख एवढेच, की सभासद शेतकरी ते कोणाला उचलू देत नसत. बोलणे महाग होते त्या काळात संस्थेनेच त्यांना शिकवले होते, की तुम्ही मिस कॉल द्या, आम्ही लावतो. पुढे बोलणे फुकटाच्या भावात आले, पण ही शिस्त काही सुटली नाही. धानाचा काटा कधी होणार, पोत्यांचा बारदाना आला का, काहीही विचारायचे असो; शेतकरी दोन रिंगा देई, फोन कापे आणि संस्थेच्या फोनची निवांत वाट पाहत बसे. मिस कॉल देणाऱ्याने स्वतःहून बोलायला लागणे म्हणजे पंगतीत वाढप्याच्या हातातले पातेले हिसकावून घेण्यासारखे मानले जाई.

हे मिस कॉल परत लावता लावता वीरेंद्रची दुपार जाई, आणि लावायचे राहिले की केशवरावांची बोलणी खावी लागत. त्यात आज संचालकांची बैठक होती, आणि वीरेंद्रला पर्मनंट करण्याचा विषय तिच्यात निघणार होता. या एका शब्दावाचून त्याचे आयुष्य अडून बसले होते. मुलगी पाहायला जावे, चहा व्हावा, पोहे व्हावेत, मुलीने खालच्या मानेने हसावे, आणि निरोप देताना तिच्या बापाने हळूच विचारावे, "पर्मनंट आहात ना जी?" तिथे सारे संपे. तेव्हा बैठकीपूर्वी काहीतरी अचाट करून दाखवायचे, असा त्याने निश्चय केला होता.

अपडेट सुरू झाले. फोनच्या इवल्याशा पडद्यावर इंग्रजीत प्रश्नांमागून प्रश्न येऊ लागले. वीरेंद्र प्रत्येकाला, पंगतीत जिलेबी घ्यावी तसा, होकार देत गेला. शेवटी त्याला हवी ती जागा सापडली: फोन आला की तो आपोआप उचलला जाईल आणि स्पीकर सुरू होईल! उचललेला कॉल मिस कसा होणार? त्याने तिन्ही फोनांवर ही सोय चालू केली. बैठकीत व्यत्यय नको म्हणून रिंगांचा आवाजही पार मिटवून टाकला. फोन स्वतःच उचलला जाणार, तर रिंग हवीच कशाला? युक्तिवाद बिनतोड होता!

मग कार्यालयात अशी शांतता पसरली, की भिंतीवरची पाल दचकून दिव्यामागे गेली.

"पाह्य हर्षा! आला का एक तरी मिस कॉल?"

"नाही आला. पण साहेबाच्या केबिनमधल्या फोनचा हिरवा लाइट काहून लागून आहे?"

"अपडेट झालं की लागते."

"आपल्या दोघाईच्या फोनचा नाही लागला ते?"

"साहेबाचा फोन आहे, हर्षा! थोडा तोरा राहणारच!"

बैठक सुरू झाली. केबिनचे दार लागले. वीरेंद्र दाराकडे, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा, पाहत राहिला. तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाइल थरथरला. केसलवाड्याहून आईचा, सीताबाईंचा फोन होता. आवाज जड होता.

"जेवला का रे बाबू?"

"जेवलो. काय झालं? रडून राहिली का तू?"

"तुले आणखी एक वर्ष टेंपररीच ठेवतो म्हणते ना रे तो केशवराव!"

वीरेंद्र उभा राहिला. "कोण सांगतलं तुले?"

"तोच म्हणून राहिला. पोरगं पर्मनंट झालं की काम करत नाही म्हणते. मी ऐकून राहिली ना! लक्ष्मणरावानं बारदान्यासाठी मिस कॉल दिला, तर बाप्पा, रिंगच नाही वाजली, अन् आतून मिटिंगच ऐकू याले लागली! अख्खं गाव पानठेल्यावर बसलं आहे, मीच जराशी बाजूले आली. थांब, थांब, मिटिंगमधली कौशल्याबाई बोलून राहिली... तुह्या बाजूनं आहे रे! भली बाई आहे!"

वीरेंद्रच्या पायांखालची फरशी सरकली. बंद दाराआडची बैठक केसलवाड्याच्या पानठेल्यावर दशावतारासारखी रंगली होती! आणि मिस कॉल देणाऱ्याने बोलायचे नसते, ही शिस्त पाळून सारे गाव श्वास रोखून ऐकत होते.

"आई, लक्ष्मणकाकाले म्हण फोन कापा!"

"कायले कापू? आता तर रंगात आलं!"

केशवरावांना हे कळले तर पर्मनंट सोडाच, टेंपररीही उरणार नव्हते. वीरेंद्र थेट केबिनमध्ये घुसला.

"काय आहे रे?" केशवराव गुरकावले.

"काही नाही साहेब, थोडं... अपडेट राहिलं होतं."

त्याने फोनचे एक बटन दाबले, दुसरे दाबले, मग पेटीवर बोटे चालवावीत तशी सारीच दाबली. फोनने पासवर्ड मागितला. जुना पासवर्ड टाकला. फोनने ओळख दाखवली नाही. अपडेट करताना ज्या असंख्य गोष्टींना वीरेंद्रने होकार दिला होता, त्यांत बहुधा हीही एक असावी. आता एकच उपाय उरला होता: वायर ओढणे! तो गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरला. वायर दिसली. तिच्यावर केशवरावांचा उजवा पाय होता.

"साहेब, पाय..." वीरेंद्र काकुळतीने म्हणाला आणि त्याने दोन्ही हातांनी तो पाय उचलायचा प्रयत्न केला.

"अगं माय!" संचालिका कौशल्याबाई ओरडल्या. "हा पोरगा पायाशी काहून बसला जी?"

"सोड रे! पाय सोड! पाय धरून कोणी पर्मनंट होत नाही!" केशवराव गरजले.

"साहेब, फक्त एक वेळ उचला जी! माझ्या जिंदगीचा सवाल आहे!"

कौशल्याबाईंना भडभडून आले. "काय वेळ आणली जी तुम्ही लेकरावर! तुमच्या पायावर डोकं ठेवून रडून राहिला तो!"

तेव्हा फोनमधून एक खोकला आला.

सारे संचालक फोनकडे पाहू लागले. केशवरावांनी फोनकडे पाहिले, मग छताकडे, मग पुन्हा फोनकडे.

"वीरेंद्र, ऊठ रे पोरा!" फोनमधून लक्ष्मणरावांचा आवाज कडाडला. मिस कॉलची वर्षानुवर्षांची शिस्त त्या क्षणी मोडली. "पाया पडू नको कोणाच्या! केशवभाऊ, काय लावलं हे? गरिबाच्या पोराले रडवता?"

त्यामागून पानठेल्यावरचा सारा गलका आत आला. "पर्मनंट करा जी त्याले!" "मत मागाले या मंग, सांगतो तुमाले!" "पाय सोड म्हणते, माणूस आहे का कोण!"

संस्थेची निवडणूक तोंडावर होती. केशवरावांच्या चेहऱ्यावर एका क्षणात एवढी माया दाटली, की सख्खा बाप लाजावा.

"अरे, कोण म्हणते नाही म्हणलं?" ते फोनपाशी तोंड नेऊन ओरडले. "मी तर पोराची परीक्षा पाहून राहिलो होतो! झाला पर्मनंट! आत्ताच ठराव! कौशल्याबाई, टाळी वाजवा जी, ऐकू गेली पाहिजे!"

टाळ्या इकडेही झाल्या आणि तिकडेही. उत्साहाने केशवराव उभे राहिले, पाय उचलला गेला, आणि वायर एकदाची वीरेंद्रच्या हातात आली.

संध्याकाळी तो गावी परतला तेव्हा पानठेल्यावरच्या माणसांनी त्याला घेरले. वीरेंद्रने सारे नीट समजावून सांगितले: पाय नव्हे, पायाखालची वायर. अपडेट, स्पीकर, पासवर्ड. सगळ्यांनी मोठ्या सहानुभूतीने माना हलवल्या. लक्ष्मणरावांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे पोरा. पोटासाठी कराच लागते माणसाले. आमी कोणाले सांगत नाही." पाठीमागे उभ्या असलेल्या निम्म्या गावानेही तसेच वचन दिले.

घरी सीताबाईंनी त्याच्यापुढे ताट ठेवले.

"आई, तू तरी ऐक. मी वायर काढून राहिलो होतो!"

"हो बाबू, वायर," सीताबाई भात वाढत मायेने म्हणाल्या. "अन् उद्या कौशल्याबाईच्या घरची पण वायर काढून येजो. तिनंच पहिले तुही बाजू घेतली."