निलगिरीतली पाहणी

आमच्या निलगिरीच्या लागवडीत मी डोळे मिटून फिरू शकतो, हे तपासनीस बाईंना मी फाटकातच ऐकवलं. व्यवस्थापक आहे मी! झाडं हवेतला कार्बन खरंच किती शोषतात, हे पडताळायला बाई आल्या होत्या. त्यांनी मान डोलावली तरच शेजारच्या माळावर नवी लागवड होणार होती.

रोपवाटिका माझी बायको सांभाळते. गाडी झाडलोट केलेल्या रस्त्यावरच ठेव, असं तिने सकाळीच बजावलं होतं. पण पाहुण्यांना पायपीट कशाला, म्हणून मी जीप थेट झाडांच्या ओळीत घातली आणि वाळक्या पाचोळ्यावर उभी केली.

बाई टेपने खोडांचे घेर मोजत होत्या आणि मागे माझा तोंडाचा पट्टा चालू होता. निलगिरी कशी झपाट्याने वाढते, तोडली तरी खुंटाला फुटवे येतात, तोडून तिचे खांब केले तरी कार्बन पोटातच ठेवते. बाई मध्येच थांबल्या.

"जळकट वास येतोय का?"

निलगिरीचा वास उग्रच असतो, असं म्हणत मी वळलो, तर जीपखालून धूर! तापलेल्या सायलेन्सरने पाचोळा पेटवला होता. निलगिरीचं वाळकं पान म्हणजे तेलात भिजवलेली वातच. बघता बघता जाळ सुटलेल्या सालींवरून खोडावर चढू लागला. शेंडे पेटले असते, तर इतक्या वर्षांचा साठवलेला कार्बन एका दुपारीच हवेत गेला असता, आणि सोबत आम्हीही.

बायकोला फोन लावला. "गाडी कुठे ठेवलीस?" एवढंच विचारून तिने फोन ठेवला.

तोवर बाई हिरवी फांदी मोडून आग झोडपायला लागल्या होत्या. मीही लागलो. वारा फिरला की दोघं मागे पळायचो, पुन्हा पुढे यायचो. शेवटी रोपांच्या पाण्याचा टँकर ट्रॅक्टरला जोडून बायको आली आणि तिने आगीवर, जीपवर आणि मुख्यतः माझ्यावर पाणी सोडलं.

चार-दोन खोडं काळवंडली, झाडं वाचली. जीपचा कोळसा झाला. आता परवानगी विसरा, असं मनाशी म्हणत मी बाईंसमोर उभा राहिलो.

"झाडं उत्तम आहेत. माळावर लागवड करा," तोंडाची काजळी पुसत बाई म्हणाल्या. "फक्त तुम्ही तिकडे गाडी नेऊ नका."

ट्रॅक्टरवर जागा दोघींपुरतीच होती. मी मागून निथळत चालत निघालो. धापा टाकत होतो, जीप गेल्यावर हवेत सोडायला तेवढाच काय तो माझा कार्बन.