हलला तो उडाला

मोबाइलवर काढतात तो फोटोच नव्हे, असं मुकुंदरावांचं ठाम मत होतं! आकुर्डीच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी साहेब लोक वापरत तसला लाकडी पेटीचा कॅमेरा स्वतः बनवला. नदी आणि झाडी फिल्मऐवजी काचेवर उतरवायची! सहा काचांपैकी पाच घरीच फुटल्या. उरली एक.

रविवारी सकाळी चाकणच्या पुढे, भामा नदीकाठी त्यांनी तिपाई रोवली आणि बायकोच्या काळ्या चंद्रकळेखाली डोकं घातलं.

शेळ्या चारणाऱ्या अंबुबाईंना दिसले ते तीन लाकडी पाय, काळं कापड आणि त्याखालून डोकावणारी पँट.

"विलास! पळ रं! रस्त्याचा मोजणीवाला आलाय!"

भाचा विलास आला तो चाळीस माणसं घेऊनच. पण मुकुंदरावांनी तेवढ्यात कॅमेऱ्याचं झाकण काढलं होतं. आता दोन मिनिटं आत उजेड जायलाच हवा, नाहीतर काच वाया!

"एक... दोन... कोणी हलू नका!"

"का हलायचं न्हाई? जमीन आमची हाय!"

"सात... आठ..."

"आरं, गुंठं मोजतोय त्यो!"

अंबुबाईंनी कॅमेऱ्यासमोर फतकल मारली. "मी हितनं हलणार न्हाई!"

"शाब्बास! अगदी तश्शाच बसा!" चंद्रकळेतून आवाज आला. "एकोणचाळीस... चाळीस!"

"चाळीस गुंठं! एकर गेला!" कोणीतरी बोंब ठोकली. काठावर नुसती पळापळ! ऐंशीला दुसरा एकर गेला. एकशेवीसला झाकण बसलं आणि विलासनं चंद्रकळा ओढली.

"तीन एकर? एका दमात?"

"अहो, सेकंद मोजत होतो! फोटो आहे हा!"

"दाखवा मग!"

गाडीच्या डिकीत अंधार करून मुकुंदरावांनी काच धुतली आणि काळ्या कापडावर ठेवली. नदी दुधासारखी, झाडं पिंजलेल्या कापसासारखी. चाळीस माणसं गायब! मधोमध एकट्या अंबुबाई, सुरकुती न् सुरकुती स्पष्ट.

"आमी कुठं हाय?" विलासचा चेहरा पडला.

"जुनं तंत्र आहे. हलला तो उडाला."

अंबुबाईंनी काच उचलून पदराखाली घातली. "उद्या तलाठ्याला दावते. हितं माझ्याबिगर कुनीच न्हाई!"

"आत्या, आमचा हिस्सा?" विलास किंचाळला आणि गर्रकन मुकुंदरावांकडे वळला. "काका, परत काढा! या बारीला आमी हलत न्हाई!"

चाळीसजण रांगेत, श्वास रोखून, खांबासारखे उभे राहिले. काच संपली हे त्यांना सांगायची छाती कोणाची?

मुकुंदरावांनी मुकाट्यानं चंद्रकळेखाली डोकं घातलं आणि रिकाम्या पेटीमागून मोजायला सुरुवात केली.

"एक... दोन..."