रेगेकाकांची चौकट

रेगेकाका कोणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या चौकटीला अंगठा लावतात. नमस्कार, बसणं, पाणी हे सगळं नंतर. खाली वाकायचं, जमिनीपासून वीतभर उंचीवर लाकूड दाबून बघायचं आणि वर बघून निकाल द्यायचा. "घट्ट आहे" म्हणाले तर त्या घराचं भाग्य. "आतून गेलंय" म्हणाले तर समजायचं, आपला पुढचा रविवार गेला.

मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तो आमच्याकडच्या सत्यनारायणाला. सगळे हात जोडून कथा ऐकत होते आणि काका बाथरूमच्या दाराशी उकिडवे. कथेतली नौका बुडायला आणि काकांचा अंगठा आमच्या चौकटीत पेरभर घुसायला एकच गाठ पडली. "आतून गेलंय!" ते इतक्या आनंदानं ओरडले की गुरुजींचा अध्याय चुकला.

आमची आणि काकांची इमारत एकच, मुलुंड पूर्वेला, चार मजल्यांची, जुनी. चौकटी मूळच्या, लाकडी, आणि पाणी पिऊन पिऊन तळाशी चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या झालेल्या. बहुतेकांनी त्या उपटून ग्रॅनाइटच्या बसवल्या. काकांना ग्रॅनाइटचं नाव काढलेलं खपत नाही. "घर आहे की स्मशानातला ओटा?" असं ते ग्रॅनाइटवाल्यांच्याच दारात उभं राहून विचारतात.

खरं तर काकांच्या सात पिढ्यांत कोणी सुतार नव्हता. स्वतः काका औषधांच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी त्यांना इपॉक्सीचा शोध लागला. दोन डबे असतात. एकात मधासारखा चिकट द्रव, दुसऱ्यात त्याला घट्ट करणारा. दोन्ही सारखे घ्यायचे, लाकडाचा भुसा घालून कालवायचं, आणि कुजलेलं सगळं खरवडून त्या जागी हे भरायचं. अर्ध्या तासात पकड घेतं, दुसऱ्या दिवशी दगड. कालवायला श्रीखंडाचे रिकामे डबे, भरायला काकूंच्या स्वयंपाकघरातून पळवलेला कालथा. "लाकूड मेलेलं नसतं रे, आजारी असतं. जीव आहे अजून!" हे त्यांचं पालुपद.

सुरुवातीला रोग परवडला पण औषध नको अशी आमची गत होती. पहिल्यांदा त्यांनी सगळा माल एकाच डब्यात कालवला. तो असा तापला की डब्यातून धूर निघाला आणि डबा गॅलरीत नेईपर्यंत वितळून वाकडा झाला. मग काका थोडं थोडं कालवायला शिकले. आमच्या बाथरूमची चौकट भरली तेव्हा दार आतून बंद होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आत माझे सासरे होते. सासरेबुवांची अंघोळ पाऊण तासाची. ते अंग पुसून, स्तोत्र म्हणून, दार ढकलतात तर दार आणि चौकट एकजीव. पटाशीनं ठोकून त्यांना बाहेर काढलं. काका मात्र दाराची कड न्याहाळत म्हणाले, "काय पकडलंय बघ! झकास!" सासरे त्यानंतर आमच्याकडे आले की अंघोळ करूनच येतात.

एवढा उद्योग करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार. त्यांच्या स्वयंपाकघराची चौकट शेजारच्या भिंतीतल्या ओलीनं कमरेपर्यंत कुजली होती आणि काकांनी तिला जुनं धोतर गुंडाळून ठेवलं होतं. आम्ही सगळे चिडवायचो. मी तर एकदा तोंडावरच म्हणालो, "काका, लोकांच्या चौकटींना डॉक्टर आणि घरच्या चौकटीला बँडेज?" ते हसले आणि विषय बदलला.

मग गळती खालच्या मजल्यावर पोचली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी बजावलं, "सोमवारी भिंतीचं काम करणारे येतायत. ती चौकट काढा, ग्रॅनाइट लावून टाकू." काकांनी वाद घातला नाही, आणि तेव्हाच मला काहीतरी वेगळं वाटलं. शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. "मोकळा आहेस ना? ये जरा. दोन हात कमी पडतायत."

गेलो तर सुलभाकाकू हॉलमध्ये खुर्चीत बसलेल्या. काकू शाळेत शिक्षिका होत्या. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली आहे, पण घरात त्या इतक्या सराईतपणे वावरायच्या की नव्या माणसाला पत्ता लागू नये. हल्ली त्या स्वयंपाकघरात जातच नाहीत, डबा बाहेरून येतो, एवढं मला माहीत होतं. वय झालं, असं मी समजत होतो.

काकांनी धोतर सोडलं. लाकूड हातात आलं. "इथे," ते कमरेच्या उंचीवर बोट ठेवून म्हणाले, "सिलिंडर आदळून खळगा पडलेला. हिचा अंगठा त्यात बसायचा. अंगठा बसला की डावीकडे दोन पावलं, मग ओटा. खळगा ढासळला आणि त्याच आठवड्यात हिचा हात शेगडीवर पडला. तेव्हापासून आत जात नाही. ग्रॅनाइट लावलं तर ते गुळगुळीत. तिला काय सांगणार ते?"

बँडेजचा माझा विनोद आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली.

"मग इतके दिवस थांबलात कशाला, काका?"

"हात बसवत होतो. तुमच्या चौदा चौकटी केल्या ना! ही एकदाच करायची. हिच्यात चुकून चालणार नव्हतं."

दुपारपर्यंत आम्ही खरवडलं, वाळवलं, थोडं थोडं कालवून भरलं. काका दर पाच मिनिटांनी कालथ्याचं टोक लावून बघत होते. भरलेला भाग कणकेइतका घट्ट झाला तशी त्यांनी काकूंना हाताला धरून आणलं. दुधाच्या पिशवीचा तुकडा तेल लावून त्यांच्या अंगठ्याला गुंडाळला.

"इथे?"

"थोडं खाली."

"इथे?"

"हं. हेच." काकूंनी अंगठा दाबला आणि हसल्या. "अहो, अठ्ठावीस वर्षं पोरांना सही करायला शिकवली, आणि म्हातारपणी मलाच अंगठा लावायला लावताय?"

"हलवू नकोस गं," काका म्हणाले.

सोमवारी भिंतीवाल्यानं चौकटीवर हातोडीचा दांडा आपटून पाहिला, "ये तो पक्का है," म्हणाला आणि फक्त भिंत फोडून दुरुस्त करून गेला. त्या आठवड्याच्या शेवटी काकांनी मला बोलावलं. बसलो होतो, तर काकू काही न सांगता उठल्या. हॉलमधून सरळ चालत गेल्या, हात पुढे केला, अंगठा खळग्यात टेकवला, क्षणभर थांबल्या आणि डावीकडे वळल्या. आतून लायटरचा आवाज आला. काका पेपर वाचत होते, पण पान उलटत नव्हते.

चहा आला. पहिल्या घोटालाच कळलं, साखर दोनदा पडली होती. काकांना साखर वर्ज्य आहे. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवून मला गप्प केलं, कप शेवटच्या थेंबापर्यंत संपवला आणि पुढे केला.

"आहे का गं अजून?"