हिराकाकांनी नापास केलेला सिनेमा

हिराकाका सिनेमा पाहायला जात नसत, सिनेमाशी भांडायला जात. दर उन्हाळ्यात शिरपूरच्या बाजाराच्या मैदानात टुरिंग टॉकीजचा तंबू लागे. पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला काका पुरुषांच्या बाजूला सगळ्यात पुढे बसत आणि पडद्यावरच्या माणसांना दमात घेत. नायिकेचा पदर ढळला की, "सांभाय ना वं!" नायक झाडाआडून गाऊ लागला की, "कामधंदा नाई काय बे तुले?" खलनायकाला मात्र ते काही बोलत नसत. तो निदान आपलं काम करतो, असं त्यांचं मत होतं.

दुसऱ्या दिवशी ते आपल्या कापडाच्या दुकानात गादीवर बसून निकाल देत. गल्लीतल्या बायका खण बघता बघता विचारत, "हिराभाऊ, पास काय?" ते कापड मोजायचा गज आपटून म्हणत, "नापास!" मग गल्लीतली एकही मुलगी त्या सिनेमाला जात नसे. देवादिकांचे सिनेमे तेवढे पास होत. त्यातलाही एक नापास झाला होता. "देव हाय ना थो? मंग इतका नाचते कायले?"

माझे वडील गावच्या दवाखान्यात डॉक्टर होते आणि मी नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकत होते, सुट्टीला तेवढी गावी येत असे, म्हणून काका मला 'मॅडम' म्हणत. मला त्यांचा राग यायचा. गल्लीतल्या आयांनी त्यांना हा अधिकार दिला कधी, हे मला कळत नसे. विचारायचं धाडसही नव्हतं. मी खिडकीत बसून नुसती धुमसत असे.

आणीबाणीच्या आधीच्या उन्हाळ्यात तंबूत एक विनोदी सिनेमा आला. एका गावातल्या तीन पोरांची सुट्टी. तिघांत मिळून एक सायकल, चोरलेले आंबे, मास्तरांची फजिती, आणि तिघांनाही आवडणारी मास्तरांची मुलगी. शेवटी तिचं लग्न होतं, ती टांग्यात बसून जाते, आणि तिघं एकदम मोठे होतात. मी तो आधीच पाहिला होता. नागपूरला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी अख्खा वर्ग रांगेनं नेला होता. आम्ही पोट धरून हसलो होतो, आणि टांगा दिसेनासा झाल्यावर एकमेकींचे रुमाल मागितले होते. प्रत्येकानं पाहावा असाच सिनेमा होता तो.

काकांनी तो नापास केला.

या वेळी मला गप्प बसवेना, ते सुशीलेमुळे. सुशीला काकांची एकुलती एक मुलगी. आई तिच्या लहानपणीच गेली. तिची वेणी काकाच घालत, आणि इतकी घट्ट घालत की आठवीपर्यंत ती सदा आश्चर्यचकित दिसायची. पुढच्या आठवड्यात तिचं लग्न होतं, शेलूबाजारच्या घरात. त्या घरात सिनेमाचं नाव काढायची सोय नव्हती. "एक तरी देव नसलेला सिनेमा पाहू दे बाप्पा मले," ती म्हणायची. तंबू रविवारी उठणार होता.

त्यात कळलं की नापास केलेला तो सिनेमा काका पुन्हा पाहून आले. मग तिसऱ्यांदाही. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं आणि सरळ तंबू गाठायचा. स्वतः तीनदा पाहायचा आणि मुलीला एकदाही नाही! शनिवारी दुपारी मी तरातरा दुकानात गेले.

"काका, त्या सिनेमात वाईट काय आहे?"

"या मॅडम. काय दाखवू? वायल?"

"आमच्या सिस्टरांनी दाखवला आम्हाला. नन आहेत त्या!"

"त्यायले पोरी हाय काय?"

"मग सांगा, वाईट काय आहे?"

"थो मास्तर!" काका गादीवरून उठलेच. "पोरगी टांग्यात बसून चालली आन् थो बाप हासून राह्यला! हात हालवते आन् हासते! मी तीन डाव गेलो, म्हटलं आज तरी रडन बेटा. नाई! हासतेच! कोन्ता बाप हासते वं? सांग ना!"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती कापडाचा पोत पाहू लागली.

"तो वरवर हसतो, काका," मी म्हणाले. "तिनं मागे वळून पाहिलं तर दिसू नये म्हणून."

काका खाली बसले. गिऱ्हाइकांसाठी उलगडलेल्या वायलची घडी घालू लागले. ती तीनदा चुकली. मग माझ्याकडे न पाहता खेकसले, "उद्या तिले घेऊन जा. मीबी येतो. आन् गल्लीत सांगू नको, पास केला मनून!"

रविवारी सुशीला इतकी हसली की शेजारच्या बायका पडद्याऐवजी तिच्याकडे बघू लागल्या. तंबूत बायका आणि पुरुष यांच्यामध्ये कनात होती. पलीकडून काकांचा एक शब्द आला नाही. शेवटचं रीळ चढवायला खेळ थांबवून दिवा लावला, तेव्हा कनातीच्या फटीतून ते उठून बाहेर जाताना दिसले. सुशीलेनंही पाहिलं. "आलीच मी," म्हणून ती उठली ती आलीच नाही. जिच्यासाठी मी भांडले, तिनं शेवट पाहिलाच नाही. टांगा गेला, मास्तर हसले, आणि मी एकटी चरफडत बसले.

खेळ सुटल्यावर दोघं बाहेर एका उलट्या बैलगाडीपाशी उभी होती. आम्ही घराकडे निघालो. काका बॅटरी घेऊन पुढे.

"शेवटी काय झालं वं?" सुशीलेनं मला विचारलं. "गेली थे पोरगी?"

काकांची चाल मंदावली.

"गेली," मी म्हणाले. "पण दर उन्हाळ्यात परत येते. महिनाभर राहते."

असं त्या सिनेमात काहीच नव्हतं, आणि ते काकांना माझ्याइतकंच माहीत होतं.

"खरं काय बाबा?"

काका थांबले. बॅटरीचा उजेड त्यांच्या चपलांवर पडला होता.

"महिना नाई," ते माझ्यावर खेकसले. "दीड महिना राह्यते. मी तीन डाव पाह्यलं हाय."